आटोपशीर

एका रविवारी सकाळी मी अजून अंथरुणातच होतो, तेवढ्यात फोन वाजला. बायकोचा होता. "चहा टाकतेय, येताय ना?" ती आमच्याच स्वयंपाकघरातून बोलत होती. हाका मारून घसा बसवण्यापेक्षा फोन बरा, हा शोध तिला वर्षभरापूर्वी लागला होता आणि त्यात काही विचित्र आहे असं तोवर दोघांनाही वाटलं नव्हतं. साखर कमी घाल, एवढं सांगायला मी उलटा फोन लावला, तर एक अनोळखी बाई मंजुळ आवाजात म्हणाल्या, की ही व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे.

लग्नाला चौतीस वर्षं झाली. एवढ्या काळात बायको माझ्या कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर अनेकदा गेलेली आहे; पण त्याची अशी जाहीर घोषणा मी पहिल्यांदाच ऐकली. चहा पिताना तिला हे सांगितलं. ती हसली नाही. "घर मोठं होतंय आपल्याला," म्हणाली. शर्ट मोठा होतोय म्हणावं इतक्या सहज.

घर आहे तेवढंच होतं. ठाण्याला घोडबंदर रोडवर, बाविसाव्या मजल्यावर, तीन बेडरूमचं. आटलो होतो ते आम्ही. मुलगी बंगळुरूला, मुलगा टोरांटोला. आई थोरल्या भावाकडे डोंबिवलीला. ती आमच्याकडे दोन वर्षं राहिली आणि मग तिने निकाल दिला, की बाविसाव्या मजल्यावर कावळा येत नाही, तेव्हा इथे पितृपक्ष होऊ शकत नाही, आणि जिथे पितृपक्ष होत नाही तिथे मी राहत नाही. यावर वाद घालायला आमच्याकडे मुद्दा नव्हता. कावळा खरंच येत नव्हता.

लहान घर घ्यायचं ठरलं, पण लहान म्हणजे केवढं? बायको शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे तिने प्रयोग सुचवला. कालनिर्णयच्या एका पानामागे कोऱ्या जागेत दोन रकाने आखले, एक तिचा, एक माझा. महिनाभर रोज रात्री, आज आपण घरात कुठे कुठे टेकलो ते लिहायचं. प्रामाणिकपणे. जिथे बसणार होतो पण बसलो नाही, ते लिहायचं नाही.

शेवटची अट माझ्यासाठी होती. कारण एका खोलीला मी 'स्टडी' म्हणत असे. निवृत्तीनंतर तिथे बसून काहीतरी मोठं लिहीन, असा माझा आणि त्या खोलीचा करार होता. खोलीने तो पाळला. टेबल, दिवा, फिरती खुर्ची, सगळं घेऊन ती सात वर्षं माझी वाट बघत होती. दुसरी 'गेस्ट रूम'. मुलगी वर्षातून आठ दिवस येते तेवढीच ती गेस्ट, आणि ते आठही दिवस ती हॉलमध्ये सोफ्यावर आडवी होऊन फोन बघत असते. तिथे एक ट्रेडमिल होतं. त्यावर चालण्याचा विक्रम माझ्या एका पँटच्या नावावर आहे. पावसाळ्यात ती तिथे वाळत असे.

महिन्याअखेर रकाने मोजले. माझा मुक्काम तीन ठिकाणी होता: हॉलमधल्या खिडकीजवळची वेताची खुर्ची, स्वयंपाकघरातलं टेबल, पलंगाची डावी बाजू. बायकोचा चार ठिकाणी: ओटा, तेच टेबल, गॅलरीतलं स्टूल, पलंगाची उजवी बाजू. बाकीच्या घरात आमच्या पावलांची नोंदच नव्हती. मात्र केर-लादीला येणाऱ्या मावशी रोज प्रत्येक खोलीच्या कानाकोपऱ्यात जाऊन येत. म्हणजे तीन बेडरूमच्या त्या घरात खऱ्या अर्थाने राहत असेल तर एकट्या मावशी राहत होत्या. आम्ही नुसते मेंटेनन्स भरत होतो.

त्या पानाकडे बघताना मला आपल्या भाषेतल्या एका जुन्या शब्दाची गंमत कळली. 'खोली' वेगळी आणि 'जागा' वेगळी. बिल्डर विकतो त्या खोल्या. माणसाला लागते ती जागा. ट्रेनमध्ये मिळते ती जागा, पंगतीत धरतात ती जागा, आजोबा गेल्यावर कोणी बसत नाही ती त्यांची जागा. आमच्या घरात खोल्या पाच होत्या आणि जागा मोजून सहा, त्यातल्या दोन एकाच पलंगावर.

शाळेच्या सहलीत सेवाग्रामला गेलो होतो, तेव्हा बापूंची कुटी बघून मास्तरांना विचारलं होतं, की एवढ्या मोठ्या माणसाचं घर एवढंसं का? मास्तरांनी साधी राहणी, उच्च विचारसरणी हे ठरलेलं उत्तर दिलं होतं. पुढे कधीतरी वाचनात आलं, की १९७८ साली इव्हान इलिच हा विचारवंत तिथे परिषदेसाठी आला होता आणि त्या कुटीत बसून त्याने जागा मोजल्या होत्या. सात भरल्या. चपला काढून मन ताळ्यावर आणायची जागा, मधली बैठक, बापूंची काम करायची जागा, पाहुण्याची जागा, आजाऱ्याची जागा, मोकळी ओसरी आणि न्हाणीघर. माती, लाकूड आणि कौलं यांतून सात जागा! मूळची ती कुटी तर मीराबेनची; बापू नंतर तिथे राहायला आले. आमच्या बाविसाव्या मजल्यावर चपला काढायलासुद्धा नीट जागा नव्हती. दारात इटालियन मार्बल होता, त्यावर चपला दिसता कामा नयेत असा सोसायटीचा नियम, आणि आत काढाव्यात तर बायकोचा.

तर घर शोधायला निघालो. पहिला एजंट भेटला, त्याला मराठी उत्तम येत होतं, पण लहान घराला लहान म्हणायची त्याची तयारी नव्हती. "काका, एकदम कोझी आहे," तो म्हणायचा. जिथे पलंगाला वळसा घालायला पोट आत घ्यावं लागे, ते घर 'कोझी'. जिथे तेही करून वळता येत नसे, ते 'कॉम्पॅक्ट'. आणि जिथे खिडकी उघडली की समोरच्यांच्या पातेल्यातली भाजी कोणती ते कळे, ते 'वेल कनेक्टेड'.

या 'कोझी'ला मराठीत काय म्हणावं, याचा मी परतीच्या रिक्षात विचार केला. 'ऊबदार' हा शब्द पुस्तकी भाषेत चालतो, पण तो थंड देशातल्या लोकांचा शब्द आहे. बाहेर बर्फ पडत असेल तर घर ऊबदार असावं. ठाण्यात मे महिन्यात घर ऊबदार असेल तर माणूस एसी दुरुस्त करणाऱ्याला बोलावतो. बायको म्हणाली, "आपल्याकडे शब्द आहे की. आटोपशीर."

खरंच की! आटोपशीर. आटोपता येईल असं. हाताच्या आवाक्यातलं, झाडून-पुसून अर्ध्या तासात मोकळं करणारं, रात्री झोपताना कुठला दिवा चालू राहिला हे अंथरुणातूनच दिसणारं. घराला लागू, संसाराला लागू, भाषणालाही लागू. पण भाषणं करणाऱ्यांना तो कोणी शिकवलेला नसतो. मला तो शब्द इतका आवडला, की एका मित्राला फोन करून सांगितलं, आम्ही आटोपशीर घर बघतोय. तो काळजीच्या सुरात म्हणाला, "का रे, तब्येत बरी आहे ना? आतापासूनच आटोपतं घेताय?"

एक नव्या टॉवरमधलं घर बघायला गेलो. घर अजून हवेत होतं, खाली फक्त सँपल फ्लॅट होता. काय सुंदर होता! सगळीकडे आरसे, मंद दिवे, भिंतीवर पॅरिस. माझ्या खिशात टेप होता. पलंग मोजला, साडेपाच फूट भरला. मी पाच फूट नऊ इंच. तिथल्या मुलीला विचारलं, तर ती गोड हसून म्हणाली, "सर, हे फक्त व्हिज्युअलायझेशनसाठी आहे." बायको तोवर वेगळंच काहीतरी शोधत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "तिथे केरसुणी ठेवायला जागा नाही, बादली नाही, देव नाहीत, सिलिंडर नाही. आतल्या खोल्यांना दारंच नाहीत. तिथे कोणी राहायचंच नाहीये, मग घर मोठं वाटणार नाही तर काय?"

कागदावरच्या घराचीही एक गंमत असते. आम्ही मोठा फ्लॅट घेतला तेव्हा सुपर बिल्टअपचा जमाना होता. जिना, लिफ्ट, लॉबी, सगळ्यातला वाटा धरून क्षेत्रफळ सांगत आणि आपण वॉचमनच्या खुर्चीखालच्या जमिनीचेही थोडे पैसे भरत असू. मग २०१६ चा रेरा कायदा आला, १ मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं आणि कार्पेट एरियाची पक्की व्याख्या झाली. ती मी नीट वाचली. तिच्यानुसार घरातल्या आतल्या आडभिंती कार्पेटमध्ये धरतात, गॅलरी मात्र धरत नाहीत. म्हणजे ज्या भिंतीत मला शिरता येणार नाही ती माझी वापरायची जागा, आणि ज्या गॅलरीत बायको उरलेलं आयुष्य काढणार ती कायद्याच्या लेखी जागाच नाही. मला यात तक्रार करण्यासारखं काही वाटलं नाही. नवरा-बायकोच्या संसारात मधली भिंत हिशेबात धरतात आणि मोकळी हवा धरत नाहीत, हा अनुभव रेराच्या आधीचा आहे.

बायकोने घर तपासायचे तीन प्रश्न ठरवले होते. पावसाळ्याचे चार महिने कपडे कुठे वाळणार? फोडणीचा वास कुठे जाणार? आणि भांडण झालं तर रुसून बसायचं कुठे? पहिल्या दोन प्रश्नांना एजंट काही ना काही उत्तर देई. तिसऱ्याला तो माझ्याकडे बघे.

मी माझ्या परीने पुस्तकी अभ्यास चालू ठेवला. जपानमध्ये कामो नो चोमेई नावाचा एक कवी होऊन गेला. त्याने १२१२ साली 'होजोकी' नावाचं छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यात त्याच्या घरांचा हिशेब आहे. आधी आजीकडून आलेलं मोठं घर. मग तिशी ओलांडल्यावर बांधलेलं त्याच्या एकदशांश. आणि साठीला आल्यावर डोंगरात दहा बाय दहा फुटांची झोपडी, मधल्या घराच्या शंभराव्या हिश्शाचीही नव्हे. शिवाय तिचे सांधे असे जोडलेले, की कंटाळा आला तर उकलून सगळं घर दोन गाड्यांवर लादून दुसरीकडे न्यावं. वाद्यं तेवढी बरोबर. हे वाचून मी इतका भारावलो, की बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दोन गाड्या? तुमची नुसती पुस्तकं दोन गाड्या होतील. आणि तो एकटा होता ना? मग."

मग मी कार्बूझिए काढला. चंडीगढ आखणारा जगप्रसिद्ध वास्तुकार. त्याने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर १९५१-५२ मध्ये स्वतःसाठी एक लाकडी खोपटं बांधलं. ३.६६ मीटर लांब, तेवढंच रुंद. म्हणजे बारा बाय बारा फूट. शहरच्या शहर रचणारा माणूस उन्हाळ्यात तिथे राहून खूश असे. त्याचा आराखडा त्याने पाऊण तासात काढला आणि बायकोला वाढदिवसाची भेट म्हणून दिला, असं तो सांगायचा.

"स्वयंपाकघर कुठे दिसत नाही," बायको नकाशा बघत म्हणाली.

"ते नाहीच आहे. शेजारच्या खाणावळीत थेट उघडणारं दार आहे. जेवण तिकडे."

तिने चष्मा काढून नकाशा पुन्हा जवळून बघितला. "चौतीस वर्षांत तुम्ही मला असं काही दिलं नाहीत," ती म्हणाली.

बारा बाय बारा म्हणजे १४४ चौरस फूट. मुंबईच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. शंभर वर्षांपूर्वी सरकारने बांधलेली, आता पाडून तिच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं होताहेत. म्हणजे वरळीच्या गिरणी कामगाराची खोली कार्बूझिएच्या खोपट्याहून सोळा चौरस फूट मोठी होती. फरक एवढाच, की कार्बूझिए तिथे सुट्टीला जायचा आणि कामगार तिथून सुट्टीला जायचा.

हा फरक किती मोठा आहे, ते आईने सांगितलं. अखेर नौपाड्यात एक घर पसंत पडलं होतं. जुन्या इमारतीत पहिला मजला, हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर, गॅलरी. ४१० चौरस फूट कार्पेट, आडभिंती धरून. खिडकीला बसता येईल एवढा रुंद कट्टा, गॅलरीसमोर बदामाचं झाड. फोनवर आईला सगळं सांगितलं. ती ८६ वर्षांची आहे, पण हिशेबाला पक्की.

"खोल्या किती?"

"तीन. स्वयंपाकघर धरून."

"म्हणजे गिरगावात होत्या त्याहून एक जास्त. आणि पैसे?"

पैसे सांगितले. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, आईसुद्धा कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर गेली. मग ती म्हणाली, "अरे, ज्यातून सुटायला तुझ्या वडिलांनी अख्खा जन्म घातला, त्यात तू पैसे मोजून परत चाललायस?"

गिरगावात आमची डबल रूम होती. दहा बाय बाराच्या दोन खोल्या, माणसं नऊ. आजी, आईवडील, दोन काका, आत्या आणि आम्ही तीन भावंडं. नळ आणि संडास गॅलरीच्या टोकाला, सार्वजनिक. वडील गॅलरीत झोपत, काका गच्चीवर. थोरल्या काकांचं लग्न झालं तेव्हा आजीला अचानक कीर्तनाची ओढ लागली आणि आत्या आम्हां मुलांना रात्री उशिरापर्यंत चौपाटीवर हवा खायला नेऊ लागली. त्या हवेचा आणि काकांच्या लग्नाचा संबंध लक्षात यायला मला पुढे पंधरा वर्षं लागली.

चाळीबद्दल लिहिताना आमच्या पिढीचा गळा भरून येतो. माझाही येतो. शेजाऱ्यांच्या आमटीची वाटी, गणपती, दारं सताड उघडी. पण त्या फोननंतर मी डोक्यातल्या डोक्यात कालनिर्णयचं ते पान गिरगावच्या घरासाठी भरायला बसलो. आजीची जागा: देवाजवळचा कोपरा. वडिलांची: ट्रंकेला टेकून, पेपर घेऊन. काकांची: गच्ची. माझी: माळ्यावर, गाद्यांच्या ढिगात. आईची? आईची आठवेना. मग आठवली. दुपारी अडीच ते साडेतीन, सगळी पांगलेली असत तेव्हा, दाराच्या उंबऱ्यावर. हातात निवडायच्या तांदळाचं ताट. तेवढा तास, तेवढा उंबरा. बाकीच्या वेळी ती सगळ्यांच्या जागेतून वाट काढत असे. त्या घराला आज आम्ही ऊबदार म्हणतो. ऊब होतीच, नऊ जणांची होती.

लहान घर वाट्याला येणं आणि लहान घर निवडणं, यांत उपास घडणं आणि उपास करणं एवढा फरक आहे. आणि आमचा उपास तर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर केळ्याची शिकरण असा होता. मोठं घर विकून लहान घेतल्यावर बँकेत चांगली रक्कम उरणार होती. त्यामुळे साधेपणाचा टेंभा मिरवायचा नाही, असं मी स्वतःला बजावलं. बजावल्यानंतर दोनच ठिकाणी मिरवला.

खरी परीक्षा सामान काढताना होती. माळ्यावरून स्टीलची भांडी निघाली, प्रत्येकावर नाव कोरलेलं. कोणाच्या मुंजीप्रीत्यर्थ, कोणाच्या डोहाळजेवणाप्रीत्यर्थ. ज्यांनी दिली त्यांतले निम्मे वर गेले, तरी वाट्या अजून त्यांच्या नावाने ठणठणीत. छत्तीस कपबशा निघाल्या. एवढे लोक आमच्याकडे एकदम चहाला आले ते फक्त वास्तुशांतीला. मुलांना विचारलं, काही हवंय का? मुलगी म्हणाली, "बाबा, इथे मलाच जागा नाही." मुलगा म्हणाला, "पाठवू नका, पण टाकूही नका हं!" आईबापांचं घर म्हणजे मुलांच्या बालपणाचं गोडाऊन, भाडं माफ. पूर्वी बोहारीण आली असती, जुन्या साड्यांवर एखादं पातेलं देऊन गेली असती. आता साड्याही नकोत आणि पातेलंही नको. शेवटी कपबशा वाटल्या, स्टडीतलं टेबल मावशींच्या नातीला दिलं. ती दहावीत आहे. त्या टेबलावर आता कोणीतरी खरंच अभ्यास करतं.

नौपाड्यात येऊन आम्हांला वर्ष होईल. फोडणी सगळ्या घराला कळते. मोहरी तडतडली की मी पेपर घडी करतो. नवी वस्तू आत आली तर एक जुनी बाहेर जाते, त्यामुळे वस्तू घेण्याआधी मी बायकोचा चेहरा बघतो. पुढची बाहेर जाणारी वस्तू मी नसावी. अचानक पाहुणा आला, की आमच्या घरात चिऊताईची गोष्ट सुरू होते. दाराबाहेर कावळा उभा, आत चिमणीची धावपळ: थांबा हं, वाळलेले कपडे उचलते, थांबा हं, दिवाणावरची पुस्तकं काढते. लहानपणी मला त्या चिमणीचा राग यायचा, बिचाऱ्याला पावसात उभं करते म्हणून. आता कळतं, मेणाचं घर वन बीएचके असणार.

रुसून बसायच्या प्रश्नाचं उत्तर असं निघालं, की बसता येत नाही. मोठ्या घरात एकदा भांडलो तर दोन-दोन दिवस वेगळ्या खोल्यांत काढता येत, आणि तिसऱ्या दिवशी भांडण कशावरून होतं ते आठवेनासं होऊन अबोला तेवढा उरे. इथे अर्ध्या तासात कोणाला तरी पाणी प्यायला उठावं लागतं आणि दुसऱ्याला पाय आखडून वाट द्यावी लागते. पाय आखडताना "जा" म्हणावं लागतं. अबोला तिथेच मोडतो. फारच चिडलो तर मी चपला घालून निघतो. १८९३ सालचं आमचं मराठी ग्रंथसंग्रहालय चालत जाण्यासारखं आहे, तलावपाळी आहे, कोपऱ्यावर भाजीवाला आहे. माझी स्टडी तिकडे गेली, हॉल तलावाकाठी गेला, गेस्ट रूम गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांवर. चाळीतल्या दोन खोल्यांत नऊ माणसं मावायची, ती याच हिशेबाने. गॅलरी, जिना, गच्ची, चौपाटी, सगळं धरून. घर लहान असेल तर बाहेरचं गाव तरी मोठं आणि पायी जाण्यासारखं हवं. घोडबंदरला घर मोठं होतं आणि गाव गाडीच्या काचेबाहेर.

सगळं इतकं जमून येत होतं, की गेल्या महिन्यात सोसायटीची नोटीस आली. इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार, सर्व सभासदांना वाढीव जागा मिळणार. सभेत टाळ्या वाजल्या. "वाढीव नको असेल तर?" मी विचारलं. सेक्रेटरींनी वहीतून मान वर केली, बाजूच्या दोघांनी माझ्याकडे बघितलं, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "नवीन आहेत ते."

गेल्या आठवड्यात आई आली, चार दिवसांसाठी. दारात उभी राहून तिने एका नजरेत घर बघितलं. तेवढी नजर पुरते. मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याखालचं दार उघडलं, मिटलं. गॅलरीत गेली. बदामाच्या फांदीवर कावळा बसला होता. तिने त्याच्याकडे बघितलं, त्याने तिच्याकडे. पितृपक्षाचा प्रश्न मिटला.

रात्री ती हॉलमध्ये दिवाणावर झोपली. मधलं दार उघडंच होतं. दिवे मालवल्यावर अंधारात तिचा आवाज आला, अजिबात न चढवलेला. "दूध झाकलंस का गं?"

"हो आई," बायको माझ्या शेजारून म्हणाली.

"मांजर नाही ना येत?"

"नाही."

थोडा वेळ गेला. "आटोपशीर आहे हो," आई म्हणाली आणि कूस बदलली. बाविसाव्या मजल्यावर दोन वर्षं राहिली, पण हे दूध तिने तिथे कधी विचारलं नव्हतं. तिची खोली दुसऱ्या टोकाला होती.

सकाळी उठून पेपर घेऊन खिडकीपाशी गेलो, तर कट्ट्यावर आई बसलेली. पाय वर घेतलेले, पाठ भिंतीला, ऊन मांडीवर, डोळे मिटलेले. हातात निवडायला काही नव्हतं. वर्षभर ती माझी जागा आहे, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने आपोआप हेरली होती. बायकोने चहा आणला आणि माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या.

चार दिवस मी पेपर गॅलरीच्या उंबऱ्यावर बसून वाचला.